‘शहाणा आहे, त्रास देत नाही’

‘वाद झाला की हे चार-चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसतात. मुलांवर परिणाम होईल का हो?’ हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की पहिल्या वाक्यालाच पुढचं कळतं. नवऱ्यांचं उत्तरही ठरलेलं: ‘मी कधी आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. आणखी काय करायचं?’

असेच एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) बायकोच्या आग्रहाखातर आले. पहिल्या तीन भेटी घड्याळाकडे बघण्यात गेल्या. चौथ्या वेळी मी विचारलं, ‘तुम्ही गप्प असता तेव्हा मुलगा काय करतो?’

‘काही नाही. अभ्यासाला बसतो. शहाणा आहे, त्रास देत नाही.’

‘एकदा त्यालाच विचाराल?’

पुढच्या वेळी आले ते चेहरा उतरलेला. आठ वर्षांचा मुलगा म्हणाला होता, ‘मी आठवत बसतो, माझं काय चुकलं ते.’ भांडण कर्जाच्या हप्त्यावरून झालं होतं.

मूल आणि पालक यांच्यातल्या भावबंधाचा सिद्धांत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जिभेवर बरंच काही आलं होतं. आवरलं. इतक्या वर्षांत एवढं मात्र मला चांगलं जमायला लागलंय. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, ‘माझे वडील गप्प झाले की मी दप्तर आवरायचो. आवरलेलंच पुन्हा आवरायचो.’

गप्प बसणाऱ्याला वाटतं, आपण काहीच केलं नाही. मुलाला मात्र कारण हवं असतं. ते मिळालं नाही की तो स्वतःलाच धरतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आया काही मिनिटं तान्ह्या बाळांसमोर निर्विकार चेहऱ्याने बसल्या. बाळांनी आधी आईला हसवायचा प्रयत्न केला, जमेना तेव्हा मान फिरवली. आठ वर्षांचा मुलगा मान फिरवत नाही, शहाणा होतो.

अशा बापाला ‘मन मोकळं करा’ सांगून काही होत नाही. छाती धडधडत असताना त्याला खरंच शब्द सुचत नाहीत. त्याने खुशाल बाजूला जावं, पण मुलाला सांगून: ‘मला राग आलाय, तुझ्यावर नाही. जेवण झाल्यावर बोलू.’ आणि ती वेळ पाळावी. आईनेही ‘बाबा दमलेत’ असं पांघरूण घालू नये. मुलाला दिसत असतं एक, सांगितलं जातं भलतंच.

गृहस्थांनी वाक्य पाठ केलं. पहिल्याच वेळी ‘मला राग आलाय’ म्हणून अडखळले, पुढचं राहूनच गेलं. मुलगा खोलीच्या दारापर्यंत मागे आला.

‘कोणावर?’