बाबांना पार्किन्सन आहे. मोतीबिंदू काढला, चष्मा नवा केला, पडदा आणि नंबर ठीक आहेत म्हणतात, तरी पेपरच्या ओळी निसटतात. दोष डोळ्यांत की मेंदूत?

तुमचा हा प्रश्न वाचला. मी गुहागरकडे डोळे तपासते, चष्मे करून देते. तुम्ही लिहिलंय तसं पडदा आणि नंबर दोन्ही ठीक असतील, तर तिसऱ्यांदा नंबर काढण्यात पैसे घालू नका. अडचण बहुतेक डोळा हलवण्यात आहे.

वाचताना नजर सरकत नाही, छोट्या उड्या मारते. ओळ संपली की डावीकडे परत यायची उडी सगळ्यात लांब. पार्किन्सनमध्ये उडी तोकडी पडते, मग नजर वाटेतच थांबते आणि ओळ चुकते. मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाची जागा आहे, तिचा एक भाग नजरेच्या उड्यांवर सतत ब्रेक दाबून असतो. उडी मारायची तेव्हा तो सुटावा लागतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की तो नीट सुटत नाही. गंमत म्हणजे अंगणात वाळत घातलेल्या सुक्या मासळीवर घार झेपावली, तर बाबांची नजर झटकन तिकडे जाईल. आपल्या मनाने नजर वळवायची म्हटलं की घोटाळा.

अक्षरं दोन-दोन दिसतात का, हेही विचारा. एक डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर जवळ बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत. वाचायच्या चष्म्यात प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, घालून यावर बऱ्याचदा भागतं. पापण्या कमी लवतात म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात, त्याला थेंब आहेत. आणि पेपर गोळीचा जोर असताना वाचू दे, चालू ओळीखाली पट्टी धरून.

आता महत्त्वाचं. बाबांना मान स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी खाली बघायला सांगा. वर बघणं उतारवयात अनेकांचं कमी होतं, त्याची धास्ती नको. पण खाली बघता येत नसेल, आणि दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षभरातच ते मागच्या मागे पडायला लागले असतील, तर न्यूरॉलॉजिस्टना दोन्ही गोष्टी आवर्जून सांगा. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) नावाचा वेगळा आजार पार्किन्सनसारखाच दिसतो. टोरोंटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्झेव्स्की यांनी १९६४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यात लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाचा, फारसा गुण येत नाही. डॉक्टर बाबांना समोरच्या बोटावर नजर खिळवायला सांगून त्यांची हनुवटी हळूच वर करतील. तेव्हा डोळे खाली जात असतील, तर डोळ्यांचे स्नायू शाबूत आहेत, मेंदूचा हुकूमच वरून पोचत नाहीये. निदान मात्र त्यांनाच करू द्या, घरी छापा-काटा नको.

तोवर पाखाडीच्या पायऱ्या उतरताना दुभागी चष्मा काढायला लावा. खालच्या वाचायच्या काचेतून पायरी धूसर दिसते, त्यांना तर मान खाली घातल्याशिवाय ती नीट दिसतच नसेल. दुरून बघायचा वेगळा चष्मा करून घ्या. जांभ्याच्या पायऱ्या सगळ्या एकाच रंगाच्या, कड कळत नाही. प्रत्येकीच्या कडेला पांढरा पट्टा ओढा. चुना पहिल्या पावसात जाईल, ऑइल पेंट आणा.