मालिका सुटल्यावर पुढे काय? बालकलाकारांविषयी वाचकांची तीन पत्रे

प्रश्न : नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत केबल आली, तेव्हा ‘स्मॉल वंडर’ या मालिकेतील यंत्रमानव मुलगी पाहण्यासाठी शेजारपाजारची मुले आमच्या घरी जमत असत. ती भूमिका करणारी बाई आता परिचारिका आहे, असे नुकतेच वाचनात आले. घरातील मंडळी हळहळली की एवढे नाव होऊनही शेवटी बिचारीच्या नशिबी नोकरीच आली. ही माहिती खरी आहे काय, आणि त्याकडे कसे पाहावे?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : माहिती खरी आहे. ही मालिका अमेरिकेत १९८५ ते १९८९ या काळात चालली आणि आपण पाहिली ती तिची हिंदीत रूपांतरित केलेली आवृत्ती होती. टिफनी ब्रिसेट हिने विकीची भूमिका सुरू केली, तेव्हा ती अवघी १० वर्षांची होती. कोऱ्या चेहऱ्याने एकाच सुरात बोलायचे आणि लाल-पांढऱ्या झग्यात वावरायचे, हे काम तिने चार वर्षे केले. मात्र यंत्राचे वय वाढत नाही, मुलीचे वाढते. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ती उंच होऊ लागली, चेहरा बदलू लागला, तेव्हा अभियंता असलेल्या मालिकेतील वडिलांनी आपल्या यंत्रात सुधारणा करून तिला नवा चेहरा दिला, असे कथेतच दाखवून लेखकांना वेळ मारून न्यावी लागली. ज्या वयामुळे काम मिळते ते वयच सरते, ही या व्यवसायातील अडचण त्या एका युक्तीत उघडी पडते. पुढे तिने अभिनय सोडला, महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि ती रुग्णसेवेकडे वळली.

आता घरातील मंडळींच्या हळहळीविषयी. आपल्या परभणी-हिंगोलीकडील एखादी मुलगी नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाली, तर तिच्या घरी पेढे वाटले जातात आणि गावात तिचा सत्कार होतो. तेच काम टीव्हीवर दिसलेल्या बाईने पत्करले की ते उतरणीचे कसे ठरते, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

गंमत अशी की याच मालिकेवर बेतलेली ‘करिश्मा का करिश्मा’ ही हिंदी मालिका २००३ साली आली आणि तिच्यातील यंत्रमानव मुलगी साकारणाऱ्या झनक शुक्ला यांनीही किशोरवयात अभिनय थांबवला. त्या पुरातत्त्वशास्त्राकडे वळल्या. ज्या मराठवाड्यात तेर आणि पैठण यांच्या मातीतून सातवाहनकाळाचा पुरावा निघाला, तेथील वाचकांना तरी ही वाट अनोळखी वाटू नये. खापराचा तुकडा हातात घेऊन त्याचे वय सांगणाऱ्या माणसाला पडदा सोडल्याची खंत असेलच, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. स्नेहसंमेलनातील तिच्या नाटिकेची चित्रफीत पाहून मुंबईच्या एका निर्मिती संस्थेने तिला ऑडिशनसाठी बोलावले आणि दैनंदिन मालिकेसाठी तिची निवड केली. सासरे म्हणतात, लक्ष्मी दारी आली असताना तोंड धुवायला जाऊ नये. माझा जीव मात्र तिच्या अभ्यासात अडकला आहे, कारण आमच्या जिल्ह्यात आठवीपासूनच मुलांच्या डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा हिशोब मांडला जातो. उद्या तिला वेगळे काही करावेसे वाटले, तर वाट मोकळी राहील काय? यासंबंधी कायदा आहे काय?
– एक आई, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : ताई, कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी तपशीलवार आहे, पण आपल्या बाजूने तो वाचणारा माणूस बहुधा घरातीलच असावा लागतो. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. तिला जे दोन अपवाद ठेवले गेले, त्यांतील एक बालकलाकारांचा आहे. त्याच्या अटी २०१७ साली सुधारलेल्या नियमांत आहेत. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार, तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावी लागते आणि त्यासाठी दिलेले हमीपत्र ६ महिनेच ग्राह्य असते. मुलीकडून दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून ३ तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, तसेच सलग २७ दिवसांपलीकडे तिला कामावर ठेवता येत नाही. जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, शिक्षणात खंड पडू नये अशी व्यवस्था करावी लागते आणि मुलीच्या इच्छेविरुद्ध तिला कामात सहभागी करून घेता येत नाही.

कागदावरील हे नियम सेटवर कसे उतरतात, ते महत्त्वाचे आहे. मालिकेच्या सेटवर मोठ्यांची पाळी साधारण १२ तासांची असते. सकाळी नऊचा कॉल टाइम, मग मेकअप, केस, कपडे, मग प्रकाशयोजना जुळेपर्यंत थांबणे, आणि एवढ्यात दिग्दर्शकाने दुसऱ्याच प्रसंगाला हात घातला की तिचा क्रमांक दुपारनंतर. अशा दिवशी कॅमेऱ्यासमोर ती फार तर दोन तास उभी राहिलेली असते आणि घराबाहेर मात्र दहा तास. म्हणून हे ५ तास मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून मोजायचे की कॅमेरा सुरू झाल्यापासून, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारा आणि लेखी घ्या. प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस अवघडला, तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरा विषय पैशाचा. नियमानुसार मुलीच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते आणि ती सज्ञान झाल्यावर तिला मिळते. हा आकडा किमान आहे, हे सासऱ्यांना आवर्जून सांगावे. माझ्या मते मुंबईतील राहण्याचा आणि तिच्या कामाचा खर्च वजा जाता उरलेला प्रत्येक रुपया तिच्याच नावे राहिला पाहिजे. बोअरवेल, भावाचे लग्न किंवा प्लॉटचा हप्ता यांसाठी तो नाही. चॅप्लिनच्या १९२१ सालच्या मूकपटातील मुलगा जॅकी कूगन जगभर गाजला, त्याने लाखो डॉलर कमावले, आणि सज्ञान झाल्यावर त्याला कळले की आई आणि सावत्र वडिलांनी जवळपास सगळे उडवले आहे. न्यायालयात जाऊन त्याच्या हाती आले ते जेमतेम सव्वा लाख डॉलर. त्याच्या खटल्यामुळे १९३९ साली कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकारांच्या मिळकतीला संरक्षण देणारा कायदा केला. ते आईवडील दुष्टच असतील असे नाही. पोराचे ते आपलेच, अशी समजूत आपल्याकडेही काही कमी नाही.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. एक म्हणजे, या धंद्यात काम केल्यानंतर ९० दिवसांनी पैसे हाती पडण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे पहिले तीन-चार महिने मीरा रोड किंवा ठाण्यातील घरभाडे, अनामत आणि रोजचा प्रवास आपल्या खिशातून करावा लागेल. दुसरी म्हणजे, मुलाने स्वतःच्या कलेतून मिळवलेले उत्पन्न प्राप्तिकरासाठी आईवडिलांच्या उत्पन्नात मिसळले जात नाही, त्यामुळे मुलीच्या नावे पॅन काढून तिचा हिशोब वेगळा ठेवावा. ठेवीवरील व्याज मात्र पालकांच्या उत्पन्नात धरले जाते.

मालिकेत ‘लीप’ येते तेव्हा काय होते, याची कल्पना मुलीला आधीच द्या. कथा एका रात्रीत पंधरा वर्षे पुढे उडी मारते, त्याच नावाची तरुण अभिनेत्री दुसऱ्या दिवशी सेटवर हजर होते आणि कालपर्यंत सर्वांची लाडकी असलेली मुलगी घरी परतते. तिचे काहीही चुकलेले नसते. हे नवव्या वर्षी तिला कोणी समजावून सांगितलेले नसेल, तर ती कारण स्वतःतच शोधत बसते.

वाट मोकळी राहील काय, या आपल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे, पण शाळेचा दाखला काढू नका. मुख्याध्यापकांशी बोलून तिचे नाव पटावर ठेवा, वर्गशिक्षिकेकडून दर आठवड्याचा अभ्यास मागवा आणि पहिले हमीपत्र संपण्याच्या सुमारास, म्हणजे सहा महिन्यांनी, तिला एकटीला विचारा की पुढे करायचे आहे का. त्या वेळी आजोबा खोलीत नसावेत. पाचवी-सहावीची दोन वर्षे विस्कळीत झाल्याने कोणाचे वैद्यकीय शिक्षण बुडत नाही, लातूरचे शिकवणीवर्गवाले काहीही म्हणोत.

प्रश्न : मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका मराठी मालिकेत वर्षभर काम केले होते. आता बावीस वर्षांचा असून औरंगपुऱ्याजवळच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ओळखीचे लोक ‘तो तूच ना?’ असे विचारतात आणि ‘मग सोडले का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मुलाखतीत हा विषय लपवावा की सांगावा? शिवाय गावाकडील गणेश मंडळ दर वर्षी पाहुणा म्हणून बोलावून फलकावर ‘सुप्रसिद्ध बालकलाकार’ असे छापते, त्याचा संकोच वाटतो.
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर (मूळ गाव बीड जिल्ह्यात)

उत्तर : लपवू नये. एच. एस. कीर्तना यांनी लहानपणी कन्नड चित्रपटांत आणि मालिकांत काम केले, पुढे कर्नाटक प्रशासकीय सेवेत नोकरी केली आणि २०२० साली लागलेल्या निकालात, सहाव्या प्रयत्नात, १६७ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. त्यांचे अभिनयातले दिवस सर्वांना ठाऊक होते आणि त्याने काहीही अडले नाही. अर्जात कला किंवा छंद यांचा उल्लेख करण्यास जागा असेल, तर एका ओळीत लिहावे. मुलाखत मंडळ बहुधा त्यावरच बोट ठेवील आणि ज्या विषयावर आपण डोळे मिटून बोलू शकतो, त्यावर प्रश्न आलेला बरा. बालकलाकारांच्या परवानगीचे नियम (याच अंकात वर दिले आहेत) तोंडपाठ असू द्या, कारण ती परवानगी देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडेच असते.

‘मग सोडले का?’ या प्रश्नाला मोठे उत्तर देण्याची गरज नाही. ‘मालगुडी डेज’मधील स्वामी आठवणारी पिढी आपल्या घरात असेल, तर त्यांना विचारून पाहा. दूरदर्शनवर १९८६ च्या सुमारास आलेल्या त्या मालिकेतील मंजुनाथ यांनी तरुणपणीच अभिनय सोडून शिक्षण पूर्ण केले आणि ते जनसंपर्काच्या क्षेत्रात गेले. लोकांनी मात्र त्यांना स्वामी म्हणणे सोडले नाही. विचारणाऱ्याच्या मनात त्याच्या स्वतःच्या लहानपणीची संध्याकाळ असते, आपली चौकशी त्यात फारशी नसते. हसून ‘हो, मीच तो, सध्या अभ्यास करतो’ एवढे सांगून चहा मागवावा.

मंडळाचे आमंत्रण जरूर स्वीकारा. फलक छापायला जाण्यापूर्वी अध्यक्षांना आपला आजचा परिचय लिहून पाठवा, तोही दोन ओळींत, कारण तिसरी ओळ दिली की ती कापून तिथे प्रायोजकाचे नाव येते.