आरोग्य प्रश्नोत्तरे: न हटणारा नायटा, लघवीचे कल्चर आणि प्रोबायोटिक क्रीम

प्रश्न : जांघेत आणि कमरेवर आठ महिन्यांपासून नायटा आहे. मेडिकलमधून आणलेले मलम लावले की चार दिवसांत खाज थांबते, बंद केले की दुप्पट वाढते. टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनाभर घेऊनही फरक नाही. आता पत्नीच्या पोटावरही चट्टे उठले आहेत. (एक वाचक, सांगली)

आधी मलमाच्या ट्यूबवरचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर चार दिवसांच्या आरामाचे कारण तेच. ही स्टेरॉइड्स आहेत. ती बुरशी मारत नाहीत, बुरशीमुळे त्वचेला आलेला दाह तेवढा दाबतात. लाली आणि खाज गेली की माणसाला बरे वाटते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. चट्ट्याची कडही पुसट होते, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही नायटा ओळखणे अवघड जाते. जांघेतली कातडी मुळातच पातळ. तिथे क्लोबेटासोल काही आठवडे लागले की जांभळट, रुंद रेघा पडतात आणि त्या पूर्ण जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती काउंटरवर मिळत राहतात. हे थांबल्याशिवाय नायट्याचा हा फैलाव आटोक्यात येणे कठीण आहे.

गोळ्या लागू न पडण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. टर्बिनाफिन बुरशीतल्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमला चिकटून त्याचे काम बंद पाडते. भारतात सध्या सर्वाधिक आढळणारी बुरशी आहे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला हे नाव दिले. तिच्या अनेक वाणांत या एन्झाइममधल्या ३९७ व्या जागी फिनाइलअलानिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन असते. एवढ्याशा बदलाने औषधाची पकड सुटते आणि नेहमीचा डोस कितीही दिवस घेतला तरी चट्टे तसेच राहतात.

आता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि केओएच तपासणी (कोंडा रसायनात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) करून घ्या. चट्ट्याच्या मधून नव्हे, वाढत्या कडेवरून कोंडा खरवडून घेतात. त्याआधी एक-दोन आठवडे बुरशीनाशक मलम बंद ठेवावे लागते, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. केओएचमध्ये फक्त बुरशी आहे की नाही ते कळते. ती कोणती आणि कशाला दाद देत नाही, हे पाहायला कल्चर, म्हणजे ती प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, लागते आणि त्याला दोन ते चार आठवडे जातात.

अशा वेळी बहुतेकदा इट्राकोनाझोल देतात, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त. हे औषध वाया जाते ते चुकीच्या वेळी घेतल्याने. त्याची साधी कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळते, म्हणून ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल घेत असाल, तर कॅप्सूल पुरेशी शोषलीच जात नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर तसे आधीच सांगा. पत्नी गरोदर असल्यास तेही सांगायला हवे, कारण मग या गोळ्या टाळतात. यकृताची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

लावायचे मलम निव्वळ बुरशीनाशक असावे. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते, तेवढे दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

पत्नीचे उपचार तुमच्याबरोबरच सुरू व्हायला हवेत, नाहीतर नायटा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहील. टॉवेल वेगळे, अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुवून उलटी करून उन्हात वाळवायची, घट्ट जीन्स काही महिने नको. आणि कमरेचा करदोटा काढा. तो ओला राहतो, त्यात बुरशी टिकते आणि कमरेवरचा चट्टा नेमका त्याच्याच खाली पुन्हा उठतो. अनेकांना तो काढवत नाही हे आम्ही जाणतो, पण निदान उपचार संपेपर्यंत काढाच.

प्रश्न : आईच्या (वय ७२) लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आले आहे, ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ लिहिले आहे. मेरोपेनेमपुढे ०.२५ आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ असा आकडा आहे, दोन्हींपुढे ‘एस’. आकडा लहान ते औषध प्रभावी, मग मेरोपेनेम द्यावे का? ताप नाही, जळजळ आहे. (एक वाचक, नाशिक)

हे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण, एक मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. नायट्रोफ्युरँटॉइनची ३२ पर्यंत ‘एस’ (म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो) धरतात, मेरोपेनेमची १ पर्यंत. तोंडाने घेतलेले नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, त्यामुळे मूत्राशयाच्या संसर्गाला ते योग्य औषध आहे.

ईएसबीएल म्हणजे सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधे तोडणारे एन्झाइम या जंतूकडे आहे. जंतू जास्त जहाल आहे असा त्याचा अर्थ नाही. ताप, कुशीत दुखणे, उलट्या नसतील, तर सहसा गोळीवर भागते. नायट्रोफ्युरँटॉइनची सावकाश विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर दिवसातून दोनदा, पाच दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. मात्र या वयात आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. मूत्रपिंडे फार मंदावली असतील, तर हे औषध लघवीत पुरेसे उतरत नाही आणि अपाय वाढतो. तेव्हा तीन ग्रॅम फॉस्फोमायसिनचे एकच पाकीट पाण्यातून देणे हा पर्याय असतो. थंडी वाजून ताप आला, तर संसर्ग मूत्रपिंडात गेला असू शकतो. तिथे ही दोन्ही औषधे पुरी पडत नाहीत, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेरोपेनेम या इंजेक्शनची गरज अशा वेळी पडू शकते. साध्या जळजळीवर ते वापरले, तर आतड्यातले त्यालाही न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात.

जळजळ थांबली की पुन्हा कल्चर करू नका. या वयात बऱ्याच स्त्रियांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू असतात आणि नुसत्या रिपोर्टवर प्रतिजैविक देऊन फायदा होत नाही. गर्भारपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. पुढे कधी नमुना द्यायचा झालाच, तर पहिली धार सोडून मधली घ्या आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या बाटलीत जंतू वाढत जातात आणि रिपोर्ट फसवा येतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला इसब आहे. प्रोबायोटिक क्रीम घ्यावे का? की घरचे दही चालेल? (एक वाचक, ठाणे)

दोन्ही नको. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणू. पण पाणी असलेल्या क्रीमला टिकवण्यासाठी फिनॉक्सिइथेनॉलसारखे द्रव्य घालावेच लागते आणि ते जिवंत जीवाणू जगू देत नाही. लेबलवर ‘लायसेट’ किंवा ‘फर्मेंट फिल्ट्रेट’ असते, म्हणजे मेलेल्या जीवाणूंचे तुकडे किंवा गाळलेला द्रव. खरे संशोधन त्वचेवरच्या मूळ जीवाणूंवर चालले आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या संशोधकांनी ५४ रुग्णांवर स्टॅफिलोकोकस होमिनिस ए-९ या जीवाणूचा आठवडाभर प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उपद्रवी स्टॅफ ऑरियस कमी झाले, पण इसब बरा होतो हे सिद्ध झाले नाही. त्याच वर्षी रोझिओमोनास म्युकोसा या दुसऱ्या जीवाणूवर आधारित एफबी-४०१ हे औषध चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले.

तो पैसा बिनवासाच्या जाड मॉइश्चरायझरवर घाला. मुलांना आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम लागते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. दह्यातले लॅक्टोबॅसिलस कातडीवर वस्ती करत नाहीत, आम्लाने आग होते आणि फुटलेल्या कातडीतून दुधाची प्रथिने आत गेल्यास ॲलर्जी जडू शकते. पहिल्या उत्तरात स्टेरॉइडबद्दल वाचून मुलीचे मलम मात्र बंद करू नका. डॉक्टरांनी इसबासाठी ठरवून दिलेले सौम्य स्टेरॉइड, सांगितलेल्या जागी आणि सांगितलेले दिवस, हाच तिचा उपचार आहे.