आतील दिवा आणि ॲक्सेसरी अलार्मला जोडताना

गाडीच्या अलार्मने कुलूप उघडताच आतला दिवा लागावा अशी तुमची इच्छा असेल, तर ती रास्त आहे. मात्र अलार्मच्या पेटीतून या कामासाठी निघणारी तार बहुधा ऋण संकेताची (चालू झाल्यावर ऋण टोकाशी जोडली जाणारी) आणि काहीशे मिलिअँपिअरचीच असते, त्यामुळे ती दिव्याला थेट न जोडता मध्ये रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घालावा. रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून बारा व्होल्ट द्यावेत, ८५ ला अलार्मची तार जोडावी आणि या दोन टोकांमध्ये १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्याचा पट्टा ८६ कडे ठेवून, लावावा. त्याआधी दाराचे बटण दिव्याला ऋण बाजू देते की धन, हे मल्टिमीटरने तपासावे. ऋण असेल तर ३० क्रमांकाचे टोक गाडीच्या पत्र्याला आणि ८७ चे टोक दाराच्या तारेला जोडावे. मी पहिल्या वेळी हे न पाहताच जोडणी केली आणि सोलापूरच्या सात रस्ता चौकात गाडी उभी असताना फ्यूज उडवून घेतला.

ॲक्सेसरीसाठी, म्हणजे अलार्मला जोडायच्या जादा उपकरणासाठी, वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज घ्यावा, आणि तो फ्यूज वीज जिथून घेतली त्या टोकाजवळच बसवावा, कारण ते टोक आणि फ्यूज यांच्यामधली तार घासली तर तिला संरक्षण उरत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद गाडीत चिकटपट्टीचा गोंद पाघळून सांधे उघडे पडतात. म्हणून सांधे सोल्डरने डाग देऊन उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद करावेत.