पेरू देशातल्या नाझ्का रेषा, म्हणजे वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड रेषा आणि चित्रं, नेमक्या कशासाठी काढल्या असाव्यात?

लोक विधी म्हणून या रेषांवरून चालत असावेत, हा तर्क मला सर्वांत जास्त पटतो. माकडाचं चित्र बघा. एकच रेषा, स्वतःला कुठेही न छेदणारी. एका टोकाने शिरा, चालत बाहेर पडा. वरचे काळपट-लाल दगड बाजूला सारून खालची फिकट माती उघडी केली आहे, एवढंच. रेषांवर मडक्यांची खापरंही सापडली आहेत. पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या वाळवंटात हे पाण्यासाठी घातलेलं साकडंच असावं. ठाण्यात कौपिनेश्वराला प्रदक्षिणा घालताना मला ते पटतं.

जर्मन गणितज्ञ मारिया रायखे यांनी आयुष्य वेचून या रेषा ताऱ्यांशी जुळतात असा खगोलाचा तर्क मांडला, पण खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकावर तपासल्यावर तारे आणि रेषांचा मेळ फारसा बसला नाही. परग्रहवासीयांनी त्या काढल्या हा तर्क मात्र सोडाच, तो तिथल्या माणसांच्या कष्टांचा अपमान आहे.