समुद्रतळाच्या अभ्यासाला निघालेल्या तुला

अनेक आशीर्वाद.

सागरी खनिजांवर काम करायचं ठरवलंस याचा मनापासून आनंद झाला. तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. खनिजांच्या साठ्याचा अंदाज पहिल्या प्रकरणात आणि भूधोके, म्हणजे समुद्रतळावरच्या दरडींसारखे धोके, शेवटच्या परिशिष्टात, ही मांडणी मात्र मला पटली नाही. गाळाचे नमुने तेच, भूकंपीय छेदही (लहरी पाठवून मिळवलेलं तळाखालच्या थरांचं चित्र) तेच. मग धोक्याचं वाचन मागे का ठेवायचं?

मिथेन हायड्रेटचंच बघ. थंडी आणि दाब यांच्या जोरावर हा वायू पाण्यासोबत गाळात गोठून राहतो. छेदात समुद्रतळाशी समांतर धावणारी, वाटेतले थर कापत जाणारी ठळक रेषा दिसली की इंधन शोधणारा खूश होतो. त्या रेषेखाली बहुतेकदा मोकळा वायू अडकलेला असतो. वरचं हायड्रेट वितळलं तर गाळाची पकड सैल होते. म्हणजे साठा दाखवणारी रेषाच धोकाही दाखवते.

समुद्रातली दरड कशी चालते हे शिकायचं असेल तर ग्रँड बँक्सची नोंद बारकाईने वाच. 18 नोव्हेंबर 1929 रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला भूकंप झाला. केंद्राजवळच्या तारसंदेशाच्या केबल्स लगेच तुटल्या. उताराखालच्या मात्र एकामागून एक, पुढचे तेरा तास तुटत राहिल्या. 1952 मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग या सागरी भूशास्त्रज्ञांनी तुटण्याच्या वेळा आणि केबल्समधली अंतरं मांडून दाखवलं, की गाळ मिसळलेल्या पाण्याचा प्रचंड लोंढा तळावरून धावत गेला होता. त्या दरडीने उठवलेल्या त्सुनामीत किनाऱ्यावर माणसं मेली. दरडीला तीव्र उतार लागतो, असं समजू नकोस. नॉर्वेजवळची स्टोरेग्गा दरड सुमारे 8,000 वर्षांपूर्वी सुटली, तिथला उतार सरासरी एक अंशाच्या आसपास. हिमनद्यांनी घाईघाईने आणून टाकलेल्या गाळाखाली मऊ चिकणमाती दबली, तिच्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाव राहिला नाही, त्या पाण्याचा दाब वाढला आणि गाळाची पकड सुटली. पुढे त्याच दरडीच्या खाचेत ऑर्मेन लांगे वायूक्षेत्र सापडलं. उतार पुन्हा सुटेल का, हे आधी वर्षानुवर्षं तपासलं गेलं आणि 2007 मध्ये उत्पादन सुरू झालं. कामाचा क्रम असा हवा.

मँगनीजच्या गोट्यांची, म्हणजे समुद्रतळावर पडलेल्या धातुयुक्त गोळ्यांची, गोष्ट थोडी वेगळी. ते बहुतांशी सपाट, खोल मैदानांवर असतात, तिथे दरडीची भीती कमी; धोका आहे तो तळाला झालेली इजा लवकर भरून न येण्याचा. गोटा कापून बघ: मध्ये कधी शार्कचा दात, भोवती कांद्यासारखे पापुद्रे, आणि दहा लाख वर्षांत वाढ जेमतेम काही मिलिमीटर. पेरूजवळच्या खोल समुद्रात 1989 मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला होता. 2015 मध्ये संशोधक परत गेले, तेव्हा नांगराचे चर स्पष्ट दिसत होते.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा उताराचा नकाशा, गाळाची ताकद आणि गाळातल्या पाण्याचा दाब पहिल्या प्रकरणात असू दे. साठ्याचा आकडा मी त्यानंतर वाचेन.