काखेतलं गळू ताज्या कलमात का?

‘मावशी, वय २८. तीन वर्षं झाली, जांघेत दर दीड-दोन महिन्यांनी गळू येतं. ठणकतं, फुटतं, डाग ठेवून जातं. चार वर्षांपूर्वी कामाच्या गावी एकदाच संबंध आला होता, निरोध नव्हता. हा गुप्तरोगच असणार. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावतो. मार्गशीर्षात लग्न आहे. मी तिला फसवतोय का? ता. क. काखेतही दोनदा आलं होतं, पण ते वेगळं असेल.’

मावशी म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. बाकी सगळ्या पत्रात ती एक रात्र, आणि काख ढकललीस ताज्या कलमात! मला तर तीच ओळ महत्त्वाची वाटली.

जांघेत आणि काखेत, पुन्हा पुन्हा, खोल ठणकणारी आणि व्रण ठेवणारी गळवं येतात असा एक आजार आहे. नाव जिभेला जड आहे: हायड्राडेनायटिस सुपुराटिव्हा. केसाच्या मुळाशी तोंड बुजतं, आत सूज धरते आणि कातडीखालीच फुटते. हा बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. तो संबंधातून येत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आंघोळीत कसूर केल्यानेही होत नाही. लोक वर्षानुवर्षं ‘केसतोड आलंय’ म्हणत पोटीस बांधत बसतात. सिगारेट ओढणाऱ्यांत तो जास्त दिसतो. ओढतोस की नाही ते तू लिहिलं नाहीस. ओढत असशील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस.

हर्पिसचं रूप वेगळं. आधी चुणचुण, मग बारीक पाणीदार फोडांचा पुंजका. सिफिलीसची जखम बहुतेक वेळा एकच आणि न दुखणारी. ती आपोआप भरते आणि आजार आत तसाच राहतो. तुझं वर्णन या दोन्हींत बसत नाही. पण मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान होत नाही.

आणि गळू गुप्तरोगाचं नाही ठरलं, तरी त्या रात्रीचा हिशेब मिटत नाही. एचआयव्ही आणि सिफिलीस अंगावर काही न दाखवताही असू शकतात. म्हणून दोन्हींसाठी रक्त तपासून घे. चार वर्षं उलटलीत, तेव्हा त्या रात्रीपुरतं आता जे उत्तर येईल ते पक्कं. जिल्हा रुग्णालयात आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. तुझ्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. २०१७ चा कायदाच तसा आहे. तिथेच ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारलंस तर गुप्तरोगांचीही तपासणी होते. साखरही बघून घे, मधुमेहात गळवं वरचेवर होतात.

पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ असतं, डॉक्टर एकच. बाहेर रांगेत कुणी विचारलं तर ‘स्किनचं आहे’ म्हण, खोटं नाही ते. रेल्वेच्या भिंतींवरच्या ‘खात्रीलायक इलाज’वाल्यांकडे मात्र फिरकू नकोस. गळू ताजं असताना जा. मध्येच बरं झालं तर दाखवायला मोबाइलवर फोटो काढून ठेव. पिळू नकोस, ब्लेड लावू नकोस.

फसवण्याचं म्हणशील, तर चाचणीत काही निघालं आणि ते लपवून बोहल्यावर चढलास, तर ती फसवणूक. रिपोर्ट स्वच्छ आला तर जुनी रात्र सांगायची की नाही हे तुझं तू ठरव. मी त्यात पडणार नाही. गळवांचं मात्र लग्नाआधीच सांग, डॉक्टरांनी ठेवलेल्या नावासकट. नाहीतर पहिल्या महिन्यात तिला दिसेल आणि तुला आली तीच शंका तिलाही येईल. तिला तर विचारायला मावशीही नसेल.

ट्यूब लावणं आजच थांबव. मेडिकलवर न विचारता मिळणाऱ्या अशा मलमांत बरेचदा स्टिरॉइड असतं. जांघेची कातडी आधीच नाजूक, ती आणखी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो चेकाळतो. पण फेकू नकोस ती. चेपलेली असली तरी खिशात टाकून ने, डॉक्टर आधी तीच मागतील.